गर्भधारणेची तयारी आणि गोव्याचे स्वयंपाकघर : काय खावे, कसे खावे, कशावर विसंबू नये

लग्नाला वर्ष-दोन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की गोव्यातील बहुतेक घरांत सर्वांचे लक्ष सुनेच्या ताटाकडे जाते. माहेरून मेथीचे लाडू येतात, शेजारची काकी शतावरीचे चूर्ण सुचवते, अननस आणि पपई घरात येईनाशी होतात आणि सासूबाई रात्रीच्या दुधात तुपाचा चमचा सोडू लागतात. मुलाचे ताट मात्र होते तसेच राहते, आणि रविवारचा त्याचा पेलाही. गर्भधारणेस उपकारक म्हणून परंपरेने कोणते पदार्थ मानले, त्यांतील कशाला आजच्या आहारशास्त्राचा आधार आहे, ते आपल्याकडच्या जिनसांतून कसे करावेत आणि कोठे थांबून डॉक्टरांकडे जावे, हे येथे सांगायचे आहे. एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. अमुक पदार्थ खाल्ल्याने गर्भ राहतोच, असे कोणत्याही पदार्थाबाबत सिद्ध झालेले नाही. आहाराने शरीराची तयारी होते, पण बंद झालेली गर्भनलिका त्याने उघडत नाही.

परंपरा दोन ताटे वाढते

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात असे म्हटले आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण देणारा रस आणि सकस बीज यांचा मेळ बसला, तर शेतात अंकुर फुटावा तसा गर्भ राहतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आहार ही चारांतील एक बाजू झाली, सगळा कारभार नव्हे. त्याच अध्यायात आहारही सांगितला आहे आणि तो दोघांसाठी आहे. पुरुषाने तूप-दुधाबरोबर साळीचा भात खावा आणि स्त्रीच्या जेवणात तिळाचे तेल व उडीद यांना प्राधान्य असावे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक संपूर्ण अंग तर मुख्यतः पुरुषासाठीच आहे. असे असताना आपल्या घरांनी या परंपरेतील सुनेचा भाग तेवढा जपला आणि मुलाचा सोयीस्करपणे विसरला, असेच म्हणावे लागते.

गोव्यातील लोकश्रद्धा हिंदू घरांपुरती मर्यादित नाही. तिसवाडीतील तळावली येथे सांत आनाच्या चर्चमध्ये जुलैच्या अखेरीस तवशांचे, म्हणजे काकड्यांचे, फेस्त भरते. मरियेची आई आना हिला उतारवयात अपत्य झाले अशी श्रद्धा असल्याने मूल नसलेली जोडपी तिला काकडी वाहून बाळ मागतात, आणि लग्न न जमलेल्या मुली नवऱ्यासाठी उडीद वाहतात. सुश्रुताचा उडीद आणि फेस्तातला उडीद यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही, पण हे कडधान्य आपल्या मनात किती खोलवर रुजले आहे ते यावरून कळते. वाहिलेल्या काकडीतून पाणी आणि थोडे तंतू यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. तेथे मागणे मनाचे असते, पोषणाचे नव्हे, आणि ज्याला जायचे त्याने अवश्य जावे.

तयारी किती आधीपासून करावी

पुरुषबीज पूर्ण तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आज सोडलेली तंबाखू किंवा आज सुरू केलेला चांगला आहार यांचा परिणाम दिसायला तीन महिन्यांची मुदत धरावी. स्त्रीच्या बाबतीत घाईचे कारण वेगळे आहे. गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे नीट लक्षात येईपर्यंत ते काम बहुतेक संपलेले असते. ती नीट मिटावी यासाठी फोलेट लागते, आणि म्हणून गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले 12 आठवडे संपेपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडची गोळी घ्यावी असा वैद्यकीय सल्ला असतो. मधुमेह असेल, अपस्माराची औषधे चालू असतील किंवा आधीच्या बाळात असा दोष आढळला असेल, तर मात्रा बरीच वाढवावी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. या लेखातील सर्व पदार्थांपेक्षा ही एक गोळी अधिक खात्रीची आहे. भाजी खाल्ली म्हणून ती चुकवू नये.

त्याच वेळी पत्नीने हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा बिघाड असताना नुसत्या लाडवांवर महिने घालवण्यात अर्थ नाही.

उडीद, आणि त्याची उडदामेथी

उडदात प्रथिने, लोह आणि फोलेट ही तिन्ही आहेत, म्हणून परंपरेने त्याला दिलेला मान अगदीच निराधार नाही. मात्र ‘उडदाने शुक्र वाढते’ हे विधान ग्रंथातील आहे, प्रयोगशाळेतील नव्हे. आपल्याकडे उडीद सहज पोटात जाण्याचे दोन मार्ग आहेत. उडीद आणि तांदूळ रात्रभर आंबवून केलेले पोळे किंवा इडली हा पहिला आणि अधिक उपयुक्त मार्ग, कारण त्यात डाळीचे प्रमाण भरपूर असते आणि आंबवल्याने ती पचायलाही हलकी होते. दुसरा मार्ग उडदामेथीचा.

दोघांपुरत्या उडदामेथीसाठी चार मध्यम बांगडे साफ करून, मीठ-हळद लावून ठेवावेत. चमचाभर खोबरेल तेलात दोन लहान चमचे उडदाची डाळ मंद आचेवर परतावी. ती गुलाबी होऊ लागली की एक चमचा तांदूळ आणि चार-पाच मिरे घालावेत आणि सर्वांत शेवटी अर्धा चमचा मेथी घालावी. येथेच लक्ष ठेवावे लागते. मेथीचा दाणा तांबूस होऊन वास सुटला की कढई लगेच खाली उतरवावी. दाणा काळपट झाला तर आमटी इतकी कडू होते की गुळाने किंवा आंबटाने ती सावरत नाही. वाटीभर खवलेले खोबरे, पाच-सहा सुक्या मिरच्या, हळद आणि सुपारीएवढी चिंच गंधासारखी बारीक वाटावी आणि भाजलेले जिन्नस अगदी शेवटी घालून भरडच राहू द्यावेत, म्हणजे रसाला दाटपणा येतो. वाटण पाणी घालून पाच-सहा मिनिटे उकळावे, मग बांगडे सोडावेत आणि डाव न घालता भांडे दोन्ही हातांनी धरून हलवावे. सात-आठ मिनिटांत मासा शिजतो. शिवराक (शाकाहारी) जेवणाच्या दिवशी, विशेषतः चतुर्थीच्या सुमारास, हीच आमटी आंबाड्यांची करतात.

आता हिशोब पाहिला, तर दोन चमचे उडीद आणि अर्धा चमचा मेथी यांनी कोणाचेही शरीर बदलणार नाही. या ताटातले खरे मोल बांगड्याचे आहे.

मासळी : कोणती आणि किती

बांगडे आणि तारले ही गोव्यातली स्वस्त मासळी या कामी फार उत्तम आहे. त्यांत प्रथिने, ब12 जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 स्निग्धाम्ले भरपूर असतात आणि मासे लहान असल्याने पाऱ्याचे प्रमाण कमी असते. मोठा मासा लहान माशांवर जगतो आणि पारा त्याच्या अंगात साठत जातो. म्हणून मोरी, म्हणजे शार्क, या काळात पूर्ण टाळावी आणि मोठ्या इसवणाचे (सुरमईचे) तुकडे नेहमीचे न करता अधूनमधून घ्यावेत. पाहुणचारात इसवणाला मान असतो हे खरे, पण गर्भधारणेची तयारी करणाऱ्या बाईसाठी तारल्यांचे ताट जास्त चांगले. आठवड्यातून दोन-तीन वेळा मासळी पुरेशी आहे.

तिसऱ्या आणि खुबे यांत लोह आणि ब12, तर कालवांमध्ये जस्त मोठ्या प्रमाणात असते. पुरुषबीजाच्या घडणीत जस्ताचा वाटा असतो, त्यामुळे कालवे पौरुष वाढवतात ही जगभर पसरलेली समजूत निदान योग्य दिशेने तरी बोट दाखवते. ज्याच्या शरीरात जस्ताची कमतरता नाही, त्याने आणखी कालवे खाऊन आणखी लाभ होतो असे मात्र दिसत नाही. शिंपल्यातले जीव नदीचे पाणी गाळून जगतात, म्हणून ते स्वच्छ ठिकाणचे आणावेत, उकळल्यावर न उघडलेल्या तिसऱ्या फेकून द्याव्यात आणि लिंबू पिळून कच्चे कालव खाण्याची हौस या काळात पूर्ण सोडावी.

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत ताजी मासळी महाग आणि कमी मिळते. त्या वेळी खाऱ्या मासळीवर भर देण्यापेक्षा अंडी आणि अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) वाढवावेत, कारण खाऱ्यात मीठ फार असते. श्रावण पाळणाऱ्यांनी आणि पूर्ण शाकाहारी घरांनी दूध-दही नियमित ठेवावे आणि ब12 ची तपासणी एकदा करून घ्यावी. शाकाहारात या जीवनसत्त्वाची तूट सहज पडते.

पाला, कडधान्य आणि नाचणी

तांबडी भाजी, मशिंगाचा (शेवग्याचा) पाला, पावसाळ्यातला तायकिळा (टाकळा) आणि आळू यांना आपल्याकडे गरिबाचे जेवण समजतात. प्रत्यक्षात फोलेट आणि लोह यांसाठी याच भाज्यांकडे पहिल्यांदा जावे. फोलेट उष्णतेने आणि पाण्याने नष्ट होते, म्हणून भाजी आधी धुऊन मग चिरावी, उकळून पाणी ओतून देऊ नये आणि कांदा-मिरचीवर परतून, खोबरे घालून झटपट उतरवावी. गोव्याची तांबडी भाजी मुळात अशीच होते. आळूला मात्र चिंच-कोकमाबरोबर पुरते शिजवणे भाग आहे, नाही तर घसा खवखवतो. गोकुळाष्टमीला अनेक घरांत मशिंगाच्या पाल्याची भाजी होते. ती त्या एका दिवसापुरती न ठेवता आठवड्याला एकदा तरी करावी.

अळसांदे, मूग आणि कुळीथ यांतून फोलेट आणि प्रथिने मिळतात. मोड आणून केलेल्या मुगागाठी किंवा अळसांद्यांचे तोणाक यांपैकी एक रोजच्या जेवणात असावे. वनस्पतींतले लोह शरीरात नीट शोषले जावे यासाठी जेवणात लिंबू किंवा आवळा यांसारखे क जीवनसत्त्व देणारे काही घ्यावे आणि जेवणानंतर तासभर तरी चहा टाळावा. हा चहाचा नियम साधा वाटतो, पण पाळणे सर्वांत कठीण जाते.

नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. आपल्याकडचे तिजान हा नाचणीचा उत्तम प्रकार आहे. पारंपरिक पद्धतीत भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात आणि तो रस नारळाच्या पातळ रसात, माडाचा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून, न थांबता ढवळत शिजवतात. गाळल्याने तिजान रेशमासारखे होते, पण टाकलेल्या चोथ्याबरोबर तंतू आणि कॅल्शियमचा बराच भाग जातो. लहान मुलाला गाळलेले ठीक आहे. मोठ्यांनी मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ न गाळता वापरावे आणि गूळ निम्मा करावा. चाळीस ग्रॅम, म्हणजे साधारण चार मोठे चमचे पीठ एका माणसाला पुरे.

पाळी अनियमित असेल आणि बीजांडकोशाच्या पीसीओएस या विकाराचे निदान झाले असेल, तर ‘शरीर भरावे’ म्हणून दिले जाणारे तूप-गुळाचे लाडू उलट अपाय करतात. या विकारात इन्शुलिनचे काम बिघडलेले असते आणि वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. अशा बाईने पांढऱ्या तांदळाऐवजी उकडा तांदूळ घ्यावा, तोही मोजून, आणि ताटातील अर्धी जागा भाजीला द्यावी. उकडताना कोंड्यातील ब गटाची जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, त्यामुळे पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा उकडा बरा. याच्या उलट, वजन फार कमी असल्यानेही पाळी चुकते, आणि तेथे लाडू खरोखर उपयोगी पडतात.

लाडू, चूर्ण आणि गैरसमज

अळीव, डिंक आणि मेथी यांचे लाडू मूळचे बाळंतिणीचे. गर्भ राहावा म्हणून ते देण्याची रीत कशी पडली कोण जाणे. अळिवात लोह आहे, त्यामुळे मर्यादेत खायला हरकत नाही. मेथीने रक्तातील साखर उतरते, म्हणून मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी विचारून घ्यावी. तीळ कॅल्शियम आणि जस्तासाठी चांगले आहेत. नारळ आपल्या जेवणात असतोच, ओटीतही असतो, पण गर्भधारणेसाठी तो वाढवण्याची गरज नाही.

शतावरी गोव्याच्या रानातही उगवते आणि स्त्रियांचे औषध म्हणून तिचा लौकिक मोठा आहे, पण माणसांवरील अभ्यास थोडे आहेत. अश्वगंधेने काही छोट्या अभ्यासांत पुरुषबीजाची संख्या वाढलेली दिसली, मात्र यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत आणि गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ती घेऊ नये. अर्थात औषध ते औषध. शिकलेल्या वैद्याने नाडी आणि तपासण्या पाहून दिले तर घ्यावे, बाजारातील पुडीवर विश्वास ठेवू नये. स्त्रीचे वंध्यत्व बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने निषिद्ध आहे, तरी अशा जाहिराती मोबाईलवर रोज दिसतात.

पपई आणि अननसाची भीती थोडी वेगळी करून पाहावी. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून पपईची कच्ची भाजी टाळणे योग्य आहे. पिकलेल्या पपईला तो दोष नाही. अननसाने आपल्याकडे गर्भ पडतो असे मानतात, तर पाश्चात्य देशांत गर्भ रुजावा म्हणून बायका त्याचा मधला दांडा खातात. दोन्ही समजुतींना पुरावा नाही. एखाददुसरी फोड खाल्ल्याने काही बिघडत नाही.

आणखी एका समजुतीबद्दल गप्प बसता येत नाही. अमुक खाल्ल्याने मुलगाच होतो, असे सांगणारे गोव्यातही भेटतात. मूल मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजातील गुणसूत्रावर ठरते, ताटातील कशावरही नाही, आणि त्यासाठी दिलेले कोणतेही औषध घेऊ नये. लिंगनिवडीला 1994 च्या कायद्याने बंदी आहे.

मुलाच्या ताटात आणि पेल्यात

मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाकडील कारणांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे वरचे सर्व पदार्थ दोघांनीही खावेत. पुरुषाने त्याशिवाय तंबाखू, विडी-सिगारेट आणि गुटखा पूर्ण बंद करावा. फेणी ‘औषधी’ असते हे सर्दीपुरते ऐकायला ठीक आहे, पण मद्यपानाने पुरुषबीज बिघडते आणि उरक, म्हणजे काजूची हलकी दारू, हीही त्याला अपवाद नाही. पत्नीने तर प्रयत्नांच्या काळात मद्य घेऊच नये. व्यायामशाळेत मिळणारी स्नायू फुगवणारी संप्रेरके पुरुषबीजाची निर्मिती अक्षरशः थांबवू शकतात, आणि तरुण नवरे हे डॉक्टरांपासूनही लपवतात.

संध्याकाळची पाव-भाजी दोघांचीही आवडती. भाजी आणि पाव खुशाल खावेत, मात्र बरोबरची मिरची-भजी अनेकदा पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तळलेली असतात. वनस्पती तुपातील आणि अशा तेलातील ट्रान्स फॅटचा स्त्रीबीज न सुटण्याशी संबंध आढळला आहे. 2022 पासून भारतात खाद्यतेल-तुपातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण गाड्यावरची कढई कोण तपासणार? कॉफी दिवसाला दोन कपांपुरती ठेवावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

स्त्रीबीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, असे महिन्यातले सहाच दिवस गर्भधारणेचे असतात. पाळी 28 दिवसांची असल्यास दहाव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत दिवसाआड संबंध पुरेसा असतो. असे वर्षभर होऊनही गर्भ राहिला नाही तर दोघांनी मिळून तपासणी करावी. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे, आणि पाळी फार अनियमित असेल, पोटात तीव्र दुखत असेल किंवा पूर्वी ओटीपोटाचा संसर्ग झाला असेल तर अजिबात थांबू नये. पुरुषाची वीर्यतपासणी स्वस्त आणि बिनत्रासाची आहे, म्हणून ती पहिल्याच भेटीत व्हावी. प्रत्यक्षात पत्नीच्या चार तपासण्या होऊन गेल्यावर नवऱ्याची पाळी येते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) वंध्यत्वावरील उपचारांची सोय आहे, तेव्हा खर्चाच्या भीतीने चूर्णांवर वर्षे घालवू नयेत. जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात आणि दोघेही घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा आणि पुडी, घरच्यांनी दिलेलीसुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावी.